शेगडीचं काम

थंडीआधी धुराडं साफ करायला अर्धा तास पुरतो, हे कोळशाच्या खाणीत उभा जन्म घालवलेल्या एर्विनला कुणी सांगायला नको होतं. तरी धुराडेवाला ल्युचान या आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता, आणि तोही नेमका एर्विन परसात पाळलेल्या कबुतरांकडे गेल्यावर. बायको, ट्रुडा, दार लावून घ्यायची. आतून हसणं ऐकू यायचं.

आज एर्विननं दाण्यांचं भांडं तसंच टाकलं आणि येऊन दार धाडकन उघडलं. ल्युचान खुर्चीत कॉफी पीत बसला होता. ट्रुडा गुडघ्यांवर बसून, खांद्यापर्यंत हात धुराड्याखालच्या शेगडीत घालून काजळी खरवडत होती.

"अजून आत, वहिनी. तो कोपरा राहिलाय," ल्युचान सांगत होता.

"हे काय चाललंय?" एर्विन ट्रुडावर ओरडला. "चाळीस वर्षांत या शेगडीला कधी हात लावू दिलाय का मी तुला?"

ल्युचाननं टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

ट्रुडानं काळा हात ॲप्रनला पुसला.

"गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला आत बोलावलं होतं ना, एर्विन... पुढच्या हिवाळ्यात ही शेगडी मला एकटीलाच पेटवायची आहे."