पाहणीआधीची साफसफाई

"कसा दिसतोय?" म्हाताऱ्याने विचारलं.

पाहणीला आलेल्या मॅडम एकदा फोनकडे आणि एकदा समोर पाहत होत्या. त्यांच्या फोनवर गेल्या वर्षीचा फोटो होता. कमरेएवढं गवत, तळ्याकाठी लव्हाळी, मधोमध ढोल्यांनी भरलेलं वठलेलं झाड. समोर होतं ते खेळाचं मैदान.

"तीन दिवस राबतोय दोघं," म्हातारा म्हणाला. आज त्याने जमिनीबरोबर स्वतःचीही दाढी केली होती. "गवत काढलं, लव्हाळी उपटली, ते वठलेलं झाड पाडलं. हिचा हट्ट. मी म्हटलं, अगं, आहे तसं दाखवू. पण ऐकेल तर शपथ!"

"पाहुणे यायचे आणि त्यांना रान माजलेलं दाखवायचं?" म्हातारी म्हणाली. "या तुकड्यापायी जन्मभर आळशी म्हणवून घेतलंय. आज तरी कुणाला नाव ठेवायला जागा नको."

चाळीस वर्षं त्या दोघांनी या ओल्या तुकड्याला विळा लावला नव्हता. बाकी शेतात आपण राबायचं, हा तुकडा पाखरांचा, एवढंच त्यांचं म्हणणं. जमीन मात्र म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाच्याही नावावर होती आणि त्याला इथे चर खणून, पाणी काढून मका पेरायचा होता. संवर्धन कार्यालयाशी करार झाला तर तुकडा दहा वर्षं तसाच राहणार होता आणि मक्याइतका मोबदला भावाला घरबसल्या मिळणार होता. भाऊ कबूल झाला होता. करार फिसकटला तर सोमवारी ट्रॅक्टर. आत्ताही तो बांधावर उभा होता, हाताची घडी घालून.

हे प्रकरण मॅडमनीच वर्षभर रेटलं होतं. कागद, सह्या, नकाशा, सगळं त्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. गवत कापू नका, तेवढंच सांगायचं राहिलं. ते कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता त्यांना रडू येत होतं, आणि समोर ही दोघं शाबासकीची वाट पाहत होती. फोटो आजचे आणि इथूनच पाठवायचे होते. खोटं लिहायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

डोक्यावर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या.

"परवापासून असाच कल्ला चाललाय," म्हातारा हसला. "तुम्ही येणार म्हणून त्यांनाही धीर नाही."

मॅडमनी सगळा तुकडा पायाखाली घातला. गवताचे खुंट आणि उघडी माती. त्या परत आल्या तेव्हा बुटांना चिखल होता आणि हातातला अर्ज कोराच होता. आशा होती ती फक्त शेवटच्या रकान्याची, घरट्यांच्या.

"काका, एखादं घरटं तरी राहिलंय का? एक चालेल. एका घरट्यावर मी वरच्या साहेबांशी भांडेन."

"एकच?" म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "अगं, आण गं ती."

म्हातारी घरात गेली आणि दोन्ही हातांनी टोपली धरून, पाऊल जपून टाकत बाहेर आली. तिने वरचं फडकं बाजूला केलं. कापसावर अकरा ठिपकेदार अंडी ओळीने मांडली होती. मॅडमनी एकावर बोट टेकवलं. ते गार होतं.

"विळ्याखाली यायला नकोत म्हणून परवाच उचलून आणली," म्हातारा म्हणाला. "एकालाही तडा जाऊ दिला नाही. तुमचं मोजून होऊ दे मॅडम, लगेच जिथली तिथे ठेवून येतो."