बिजलीची तब्येत

बिजलीला पुरून नऊ दिवस झाले होते, आणि टेकचंद रहांगडाले फोनवर लेकीला सांगत होता की आज तिनं वाटीभर भात संपवला.

“अंडं टाकलं होतं का त्यात?” हर्षितानं पुण्याहून विचारलं.

“अर्धं. उकडून, कुस्करून.”

हे तेवढं खोटं नव्हतं. कामठ्याच्या घरात टेकचंदनं खरंच मऊ भात शिजवला होता, अंडंही उकडलं होतं. जन्मात चुलीकडे न फिरकलेला माणूस. पण लेक बारकाईनं विचारायची आणि उत्तराला अडखळून चालणार नव्हतं. म्हणून तो सगळं करून बघायचा. केलेलं फेकवत नाही म्हणून मग स्वतःच खायचा.

बिजली त्याच्या बायकोची, रुख्माची तीनरंगी मांजर. वय चौदा. नाव बिजली, पण उन्हात पसरली की कुणी उचलल्याशिवाय हलायची नाही. रुख्मा गेल्यावर दोन वर्षं घरात ही दोघंच होती. मग बिजलीच्या गर्भपिशवीत पू झाला. हर्षितानंच पुण्यात बसून गोंदियातला डॉक्टर शोधला, ऑपरेशनचा दिवस ठरवला. या वयात भरवसा देता येत नाही, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, रात्र तिनं दवाखान्यात काढली, आणि सकाळी टेकचंद तिला न्यायला गेला तेव्हा डॉक्टरनं नुसती मान हलवली.

टॉवेलात गुंडाळून त्यानं तिला घरी आणलं आणि मागच्या लिंबाखाली, मीठ घालून, पुरलं.

संध्याकाळी सातला फोन वाजला. “बाबा,” एवढंच हर्षिता म्हणाली. आता ही विचारणार, या धाकानं टेकचंद आधीच बोलून बसला, “आणली घरी. बरी आहे.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पोरीचा जीव भांड्यात पडला असेल, असं त्याला वाटलं. मग तिनं विचारलं, “काय खाल्लं तिनं?”

खोटं का बोललो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हर्षिताचा फोन पूर्वी रुख्मासाठी यायचा. मायलेकी तासभर बोलायच्या, तो बाजेवर बसून ऐकायचा. रुख्मा गेली आणि बापलेकीत बोलायला विषयच उरला नाही. पंधरा दिवसांतून एकदा फोन. जेवले का, हो. ठेवू का, ठेव. बिजली आजारी पडली तेव्हापासून मात्र तो रोज यायला लागला. मांजर गेली म्हटलं की फोनही गेला. संध्याकाळी सातनंतरचं ते रिकामं घर आता त्याला सोसवलं नसतं.

हर्षिताच्या सूचना संपत नव्हत्या. चारच्या उन्हात तिला घेऊन अंगणात बसा. गोळी चुकू नये म्हणून तुमची बीपीची गोळी तिच्याच वेळेला घेत जा. टाके काढून आणा. दहाव्या दिवशी टेकचंद रिकामी पिशवी घेऊन बसनं गोंदियाला गेला, दवाखान्याची गल्ली टाळून चहा प्यायला आणि परत आला. मग हुकूम सुटला की आता तिला देवळापर्यंत फिरवा, तुम्ही पुढं चाला, ती मागून येईल. तो रोज देवळापर्यंत चालू लागला. तिथं चार म्हातारे बसलेले असत, तोही टेकू लागला. अंग धरलंस रे, असं त्यातला हिरालाल म्हणालादेखील.

टेकचंदला एकच गोष्ट डाचायची. रोज अर्धा तास फोन, पण बाबा तुम्ही कसे आहात, असं पोरगी एकदाही विचारत नव्हती. बापापेक्षा तिला मांजर प्यारी झाली होती.

महिना होत आला आणि ती म्हणाली, “शनिवारी येऊन राहिली मी. दोन दिवस. बिजलीले पाहीन.”

टेकचंदच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळीच तो चुन्नीलालकडे धावला. चुन्नीलाल राइस मिलमध्ये मुनीम. कोंड्याच्या गोदामात उंदरांसाठी तिथं सात-आठ मांजरं पाळलेली होती. त्यातली एक तशीच तीनरंगी निघाली. टेकचंदनं ती पोत्यात घालून आणली आणि दाढीच्या वस्तऱ्यानं तिच्या पोटावरचे केस काढले. दोन्ही हात ओरबाडून निघाले.

हर्षिता आली तेव्हा मांजर माळ्यावर होती. तिथून कपाटावर, कपाटावरून खिडकीत.

“ऑपरेशनचा लय फायदा झाला तिले,” टेकचंद म्हणाला.

“दिसून राहिलं,” हर्षिता म्हणाली. तिनं बापाच्या हातांवर हळद लावली, त्यानं केलेला भात दोनदा मागून घेतला, चारला त्याच्यासोबत अंगणात बसली. मांजरीला तिनं बिजलीच म्हटलं. दोन दिवस टेकचंदनं श्वास रोखून काढले. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लेक जाऊच नये असंही वाटत होतं.

रविवारी दुपारी स्टेशनला जायला ऑटो दारात आला. निभावलं, असं त्याच्या मनात आलं. बॅग आत ठेवून तो म्हणाला, “बिजलीची काळजी करू नको. रोजच्या रोज सांगत जाईन तुले.”

ऑटो सुरू झाला होता. हर्षितानं त्याचा ओरबाडलेला हात हातात घेतला.

“बाबा, त्या दिवशी डॉक्टरचा फोन पयले मलेच आला होता. उद्या सातले सांगा, तुमी काय जेवले ते.”