दुआशिवाय

"बँकेचं व्याज अजून घरातच ठेवलंय? कुणा गरिबाला एकदाचं देऊन टाका, हरामाचा पैसा आपल्या पोराबाळांच्या पोटात जायला नको," भाभी आत नवऱ्यापाशी कुरकुरली.

ओसरीवर बसलेल्या मेहरुन्निसाला सगळं ऐकू आलं. लेकीची नर्सिंगची फी उद्यापर्यंत भरायची होती, म्हणून ती भावाच्या दारी आली होती.

भाऊ बाहेर आला. माणूस अल्लाला भिऊन वागणारा. रमजानात जकातीचं दान द्यायचा तेव्हा बहिणीच्या हातात पैसे ठेवून हसत म्हणायचा, "दुआ कर गं माझ्यासाठी." आज त्याने नोटांचं बंद पाकीट तिच्यापुढे टिपॉयवर ठेवलं आणि चहात साखर बरोबर आहे का, तेवढंच विचारलं. तिने कप अजून तोंडालाही लावला नव्हता, तरी म्हणाली, "अगदी बरोबर." भाभी दारात उभी राहून पदराशी चाळा करत राहिली.

मेहरुन्निसाने पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं, चेन ओढली.

"व्याजाचेच आहेत ना, भाई? तसं सांग की. तुझ्या पोरांना न चालणारे पैसे माझ्या पोरीला चालवून घ्यावेच लागणार आहेत."