राखीव पेट्रोल

मोटारखान्याच्या दाराशी आलेल्या नाथाजीला ज्ञानूनं आधी विडी विझवायला लावली आणि मग काय झालं ते विचारलं. नाथाजी त्याचा मेव्हणा. औंधाच्या पलीकडून कोळशाच्या गॅसवरच्या सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला आला होता. बाळंतपणाला माहेरी गेलेली ज्ञानूची बायको बनुबाई कालपासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते.

ज्ञानू डॉक्टर अनंतरावांचा ड्रायव्हर; त्यानं धावत जाऊन त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी लगेच बॅग उचलली.

त्रेचाळीस साल होतं. पेट्रोल कुपनावर मिळे, तेही मोजकं. अडल्यानडल्या रोग्यासाठी डॉक्टरांनी दोन डबे मोटारखान्यालगतच्या कोठीत, कुलपात राखून ठेवले होते. ते कसे ठेवायचे हे ज्ञानूनंच ठरवलेलं. मिसरात, इजिप्तच्या आघाडीवर लष्कराच्या लॉऱ्या हाकताना त्यानं डोळ्यांदेखत माणूस जळताना पाहिला होता. डबे काठोकाठ भरायचे नाहीत, उन्हानं पेट्रोल फुगतं. खाली वाळू, भिंतीला जाळी, आत कंदील न्यायचा नाही. एक किल्ली त्याच्या करगोट्याला, दुसरी डॉक्टरांच्या पत्नीच्या, शरयूबाईंच्या जुडग्यात. शरयूबाईंना त्या डब्यांची धास्ती होती. घराला लागून जाळ निजवून ठेवलाय, असं त्या उठता-बसता म्हणत.

"टाकीत हाय तेवढ्यात पोचू, सायेब," ज्ञानू म्हणाला. "डबं ऱ्हाऊ द्या."

"मग ठेवलेत कशासाठी?" डॉक्टरांनी स्वतःच दोन्ही डबे उचलून गाडीत ठेवले.

रहिमतपूर मागं पडलं आणि औंधाच्या बऱ्याच अलीकडं मोटार आचके देत थांबली. टाकी कोरडी. ज्ञानू उतरला, डब्याचं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला. डॉक्टरांनी डबा त्याच्या हातातून घेतला, बोटं भिजवली, नाकाशी नेली.

पाणी. दुसऱ्यातही पाणीच.

बैलगाडी मिळायला तास गेला. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बनुबाईच्या तोंडावरून लुगडं ओढलेलं होतं. मूल पोटातच गेलं होतं.

डॉक्टर ज्ञानूला घेऊन अंगणाच्या कडेला गेले. "शरयूनं केलंय हे. भीतीपायी ओतून टाकलं असणार. ज्ञानू, मी तुझा गुन्हेगार आहे."



घरी शरयूबाईंनी देवापुढं हात ठेवून शपथ घेतली. डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी बोलणंच टाकलं. आठवड्यानं वाईहून भाऊ शरयूबाईंना न्यायला आला. टांग्यात बसण्याआधी त्या ज्ञानूपाशी थांबल्या.

"तू तरी विश्वास ठेव रे," त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांची ट्रंक उचलून टांग्यात ठेवली. टांगा गेल्यावरही बराच वेळ तिथंच उभा होता.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंडाला कावळा शिवेना. बायामाणसं नाही नाही ती वचनं देऊन दमली, शेवटी दर्भाचा कावळा लावून घराकडं वळली. ज्ञानू एकटाच मागं राहिला. तेव्हा जोंधळ्याच्या रानातून जोतिबा बाहेर आला. त्याचा बालमित्र, वर्षभर भूमिगत होता, पोलीस त्याच्या मागावर होते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि ज्ञानूच्या खांद्यावर हात ठेवला.

"लय वंगाळ झालं, गड्या," तो हळू म्हणाला. "पर तू काढून दिल्यालं प्येट्रोल वाया गेलं न्हाई. सरकारी बंगल्याची पार राख झाली."