दर दोन तासांनी

मुलांच्या डोकेदुखीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी हौसेने एक ॲप बनवून घेतलं आणि आधी स्वतःच्या, मग शंभर मुलांच्या फोनवर टाकलं. दर दोन तासांनी ते वाजायचं, "डोकं दुखतंय का?" उत्तर दिल्याशिवाय काही ते गप्प बसायचं नाही.

"डॉक्टरकाका, खेळताना मी दुखणं पार विसरलेली असते," तपासायला आलेली नववीतली मुलगी काकुळतीला आली. "हे मेलं वाजलं की पुन्हा सुरू होतं. काढून टाकू?"

डॉक्टरांना पटलं. पण आता नियम मोडला, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

"चारच महिने कळ काढ, बाळा," ते नजर चुकवत म्हणाले.

तेवढ्यात दोघांचेही फोन वाजले. मुलीने मुकाट्याने "हो" दाबलं.



डॉक्टरांनीही.