पाहुण्यांसाठी सराव

सामन्यांना देशोदेशीचे पाहुणे येणार म्हणून शहरातल्या सगळ्या टॅक्सीवाल्यांना नम्रपणाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यातल्या एकाची तर हयात ‘सुट्टे द्या’ आणि ‘दार हळू लावा’ म्हणण्यात गेलेली. घरी आला की शब्द त्याहून कमी. नापास झालो तर ऐन कमाईच्या दिवसांत टॅक्सी दारात उभी राहील, या धास्तीनं त्यानं घरीच सराव सुरू केला.

बायको बाजारातून आली, तर हा दारात हजर. “या मॅडम, पिशवी माझ्याकडे द्या. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

तिनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पण माणूस चांगल्या गोष्टीला लवकर सोकावतो. आठवडाभरातच ती पिशवी त्याच्या हातात देऊन ऐटीत आत जायला लागली.

तो पास झाला. सामने पार पडले, पाहुणे शहराचं तोंड भरून कौतुक करत आपापल्या देशी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेपरातून डोकं वर न काढता नुसतं “चहा” म्हटलं.

तिनं कप समोर ठेवला. दुपारी स्टँडवर कुणीतरी मागचं दार उघडून टॅक्सीत बसलं. त्यानं आरशात पाहिलं, तर बायको! ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स.

“अगं, पाहुणे गेले सगळे.”

“एक राहिलीय.”

तो ओशाळला. घसा खाकरून म्हणाला, “कुठं सोडू, मॅडम?”

“घरी,” ती म्हणाली. “पण लांबच्या रस्त्यानं.”