गुरू नसलेलं कलम

"बस बाई. कर सुरू," कंठधर म्हणाला, आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून त्याने राखेची वाटी उगाचच जराशी पुढे सरकवली.

विणकरीण त्याच्या गादीसमोर बसली. रीतच होती तशी. खटला हरलेल्या माणसाने नवव्या दिवशी मंडपात यायचं, ज्या कलमाने हरवलं ते कलम तीनदा न चुकता म्हणून दाखवायचं, कंठधराने तळहातावर राखेचा ठिपका लावला की घराची किल्ली ठेवून मुकाट्याने निघायचं. कायदा कागदावर उतरवायचा नाही, माणसांच्या तोंडी ठेवायचा, हा त्या राज्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हट्ट. नऊशे बारा कलमं, आणि सगळी कंठधरांच्या घशात.

किल्ली तिने मुठीत धरूनच आणली होती.

"आधी तुम्ही म्हणायचं असतं ना, बाबा?" तिने भीत भीत विचारलं. "मग मी मागून."

घ्या! चाळीस वर्षं गादीवर बसून हे आता पक्षकाराने शिकवायचं. त्याने घसा खाकरला.

"ज्याच्या हाताखाली माग चालतो..." आणि गाडी अडली ती अडलीच.

"धन्यामागे ते घर धन्याच्या रक्ताचं," ती हळूच म्हणाली, परीक्षेत शेजारणीला सांगावं तशी.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवणार कुठून? हे शेपूट त्याच्या गुरूंनी दिलेलंच नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी मंडप खच्चून भरलेला, एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला हिचा दीर, आणि वाद हिच्या नवऱ्यामागे राहिलेल्या घराचा. कलमाचा पहिला अर्धा भाग म्हणून झाला आणि पुढचा डोक्यातून साफ पुसला गेला. होतं असं, म्हातारपणी कुणाचंही होतं. त्यासाठी तर शेजारी थोरल्या कंठधरांची गादी असते. 'थांबा' म्हणायचं, वाकून थोरल्यांना विचारायचं, संपलं. पण हा कधी अडखळत नाही अशी याची ख्याती ना! त्या ख्यातीपायी त्याने चालीत बसेल असं शेपूट जागच्या जागी जोडलं, 'हे मी माझ्या गुरूंकडून ऐकलं' असं शेवटी नेहमीसारखं ठणकावलं, आणि हिचं घर दिराला देऊन मोकळा झाला. थोरले तेव्हा घोरत होते. आजही घोरतच होते.

दुसऱ्या दिवशी आंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि खरं शेपूट आठवलं. 'छप्परही त्याच हाताचं.' म्हणजे घर माग चालवणारीचं, हिचंच. तेव्हापासून तो गप्प होता. लाज वाटायची म्हणून गप्प, आणि गप्प बसल्याची आणखी लाज.

"म्हण," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून म्हटलं. एकदा झालं, दोनदा झालं. काना-मात्रेची चूक नाही. तिच्या बोटांत निळा रंग नखांपर्यंत मुरला होता, आणि त्या बोटांनी ती मांडीवर ठेका धरत होती.

"चुकलं का काही?"

"नाही."

"तुमची मात्र कमाल आहे हं, बाबा. मला एक कलम पाठ करताना घाम फुटला, तुम्ही नऊशे कशी ठेवता?" ती जरा सैलावली. "पोरीकडूनही घोकून घेतलंय. मला ठाऊक नव्हतं म्हणून मी दिराला चारचौघांत चोर म्हणाले. तिच्या हातून तरी असं व्हायला नको. परवा जाऊन त्याची माफी मागून आले."

"माफी मागितलीस?"

"मग? चूक माझीच होती ना. कायदा का खोटं बोलतो?"

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. धरणी कसली घेते! समोर ती आणि हातात राखेची वाटी, दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्यांदा म्हणून झालं. तिने किल्ली डाव्या हातात घेतली आणि उजवा तळहात पुढे केला. आता त्याचं ते शेवटचं वाक्य आणि राखेचा ठिपका, एवढंच राहिलं होतं. पाचव्या वर्षी गुरूंनी सगळ्यांत आधी शिकवलं होतं की ज्या कलमाला गुरू नाही ते कलम नाही. आणि खरं सांगितलं तर? गादी जाणार, नाव जाणार, गल्लीतली पोरं मागून 'शेपटीबाबा, शेपटीबाबा' करणार. त्याने बोट राखेत बुडवलं.

"हे मी..."

तो थांबला. या खेपेला विसरला म्हणून नव्हे.

मग त्याने राखेचं बोट आपल्याच पांढऱ्या अंगरख्याला पुसलं, तिच्या डाव्या हाताची बोटं किल्लीवर घट्ट मिटवली, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाला, "हे मी तुमच्याकडून ऐकलं. माझ्या गुरूंकडून नाही. तुमच्याकडून."

ती गडबडली. "अहो बाबा, असं काय करता? मी तर तुमच्याचकडून..."

शेजारच्या गादीवरचं घोरणं थांबलं होतं.